गुडघ्याची वाटी आणि सेवकरामचा पाय

माझ्या गुडघ्याला काय झालं आहे, हे त्या वर्षी आमच्या गावात मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. दुखत मला होतं, लंगडत मी होतो, एस.टी.च्या पायऱ्या उतरताना दांडा धरून देवाचं नाव मी घेत होतो. पण माझं मत कोणी विचारलं नाही. गुडघ्याची जी वाटी असते, तिच्या कडेकडेने दुखायचं. मी बोट ठेवून दाखवायचो, "इथं." समोरचा त्या बोटाकडे न बघता माझ्या चपलेकडे, पोटाकडे, नाहीतर पत्रिकेकडे बघायचा. बोट जिथं ठेवलं आहे तिथं बघायची पद्धतच आपल्याकडे नाही. आज इतकी वर्षं झाली तरी हे आठवलं की माझं डोकं फिरतं.

त्यात मी शाळेतला पी.टी. मास्तर. ज्या माणसाने अर्ध्या तालुक्याला उठाबशा काढायला लावल्या, तो खाली बसला की वर येत नाही, आणि वर आला की गुडघ्यातून भिजलेल्या दाराच्या बिजागरीसारखा आवाज येतो. मी मैदानावर खुर्ची टाकून शिट्टी वाजवायचो आणि पोरं एकमेकांकडे बघून हसायची. हसू द्या. पोरांच्या हसण्याचा मला राग नव्हता. खरा राग सुरू झाला तो फाल्गुनात, एकोडीचे पाहुणे आले त्या दिवशी.

आमच्या निर्मलाचं लग्न एकोडीच्या धनीरामजींच्या मुलाशी ठरलं होतं. सुपारी फोडायला ते आठ-दहा माणसं घेऊन आले. सतरंजी अंथरली होती, सगळे मांडी घालून बसले, मीही बसलो. पाच मिनिटांत वाटीभोवती अशी कळ आली की माझा उजवा पाय माझ्या परवानगीशिवाय सरळ झाला. सरळ झाला तो नेमका धनीरामजींच्या दिशेने. तळवा त्यांच्या छातीसमोर. 

"मास्तर, पाय कोनाकडं करून बसले जी?" धनीरामजी म्हणाले.

मी पाय वळवला तर तो त्यांच्या मोठ्या भावाकडे गेला. आणखी वळवला तर देव्हाऱ्याकडे. शेवटी भिंतीकडे तोंड करून बसलो आणि मुलीच्या लग्नाची बोलणी पाठमोऱ्याने केली.

जाताना इवाई, म्हणजे आमचे होणारे व्याही धनीरामजी, अंगणात थांबले. आवाज मऊच होता, पण बोलायचं ते बोलले. "आमच्याकडं कन्यादानाले बाप पाटावर बसते. पाय धुते, महाराजाचं संपेवरी उठत नाई. तुमाले जमन ना? खुर्ची-बिर्ची आमच्या लोकाइले चालनार नाई, आधीच सांगून ठेवतो."

"जमेल," मी म्हणालो. दात आवळून म्हणालो, कारण मी उभा होतो.

त्या रात्री जेवताना गोदावरीने, म्हणजे आमच्या घरच्या सरकारने, अगदी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "अजी, येवढं काहून तापता? नाईच जमलं तं सेवकराम भाऊजी आन् मनकर्णा बसतीन मांडवात. काका बसला तं काय बिघडते?"

सेवकराम माझा धाकटा भाऊ, मनकर्णा त्याची बायको. त्याच्या आणि माझ्या धानाच्या शेतांमध्ये एक धुरा आहे, पायवाटेएवढा मातीचा बांध. तो धुरा सेवकरामने त्याच्या बाजूने कुदळीने कोरला. तो म्हणतो मी कोरला. मी कशाला कोरीन, मी शाळेत असतो. तर त्या धुऱ्यावरून आम्ही पाच वर्षं एकमेकांशी बोललो नव्हतो. तो दिसला की मी रस्ता बदलायचो, मी दिसलो की तो थुंकायचा; तंबाखूमुळे थुंकायचा असं आई म्हणते, आई त्याच्याकडे राहते म्हणून म्हणते. आणि माझी एकुलती एक मुलगी, जिला मी सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत नेलं, तिचा हात हा माणूस जावयाच्या हातात देणार. मी गोदावरीला स्पष्ट सांगितलं, की पाय कापून मांडवाबाहेर ठेवावा लागला तरी पाटावर मीच बसणार.

लग्न वैशाखात होतं. मी उपचाराला लागलो.

आमचे शेजारी टिकारामजी गावचे पोस्टमास्तर. पत्रं यायची थोडी, वेळ असायचा भरपूर. त्यांनी माझा गुडघा दत्तक घेतला. आधी मोहाच्या बियांचं तेल आणलं. ते चोळलं तर गुडघा तसाच, पण घरात असा वास की निर्मला अंगणात जेवायची. मग एरंडाची पानं बांधली. मग म्हणाले, "मास्तर, हे पोरायचे तळतळाट होत. उठाबशा कमी काढाले सांगा." मी म्हणालो, पोरांना नाही, तुम्हाला काढायला सांगतो. त्यांना राग आला नाही. सल्ला देणाऱ्यांना कधीच राग येत नाही, हा सगळा राग ज्याचं दुखतं त्याच्यासाठी राखून ठेवलेला असतो.

पुढच्या आठवड्यात टिकारामजी नवी बातमी घेऊन आले. चिखल्याला, खाणीच्या वस्तीत, कोणाकडे तरी अमेरिकेत शिकून आलेला एक पाहुणा उतरला होता. दर रविवारी तो ओसरीवर लोकांच्या कंबरा बसवायचा. औषध नाही, सुई नाही, नुसते हात. त्या विद्येला कायरोप्रॅक्टिक म्हणतात, असं टिकारामजींनी एका कागदावरून वाचून दाखवलं.

"माझी कंबर दुखत नाही," मी म्हणालो. "गुडघा दुखतो."

"जाऊन तं पाहा. अमेरिका आहे."

मी शनिवारी अर्धी रजा टाकून निघालो. करडी, तुमसर, आणि तिथून मॅंगनीजच्या धुळीत माखलेली दुसरी बस. चिखल्याला पोचलो तेव्हा मी स्वतःच खाणीतून काढल्यासारखा दिसत होतो. रविवारी सकाळी ओसरीपुढे रांग. खाणीत वाकून वाकून कंबर धरलेली माणसं, वाकडी आत जायची आणि सरळ बाहेर यायची. मला आशा वाटू लागली, हे मी नाकारत नाही.

डॉक्टर तरुण होता, चष्मा, पांढरा सदरा. मी वाटीवर बोट ठेवून म्हणालो, "इथं." त्याने मान डोलावली आणि मला एका उंच बाकावर पालथं झोपवलं. पालथं. गुडघा खाली गेला, माझी पाठ वर आली. त्याने कमरेवर दोन्ही हात ठेवले, "श्वास सोडा" म्हणाला, आणि मी सोडत असतानाच दाबलं. माझ्या आत कुठेतरी वाळकी फांदी मोडल्यासारखा कट असा आवाज झाला. रांगेतल्या लोकांनी समाधानाने माना हलवल्या.

मग त्याने मला चालायला लावलं, एका पायावर उभं केलं, तळवे पाहिले, मांडी चाचपली, आणि समोर बसून फार नम्रपणे सांगितलं, "मास्तर, वाटीचा काही दोष नाही. ती आपली मांडीच्या हाडावरच्या खाचेतून वर-खाली सरकत असते. तुमच्या कमरेचे आणि मांडीचे स्नायू ढिले पडलेत, तळवा आत कलतो, म्हणून पाय आत वळतो आणि वाटी बाजूला ओढली जाते. दुखणं गुडघ्यात आहे, मूळ कमरेत आहे."

म्हणजे वाटी निर्दोष होती. मग शिक्षा तिलाच का, हे मी विचारलं. तो हसला. मी विनोद केला नव्हता.

पुढे त्याने व्यायाम सांगितले. उताणं झोपून पाय सरळ ठेवून वर उचला. भिंतीला पाठ लावून थोडं खाली सरका, थांबा. कुशीवर होऊन वरचा पाय उचला. मी ऐकत होतो आणि माझी कानशिलं तापत होती. हे व्यायाम मी पाचवीच्या पोरांना शिकवतो. यातला दुसरा तर मी तालुक्याच्या स्पर्धेत करून दाखवलेला आहे. अमेरिकेने समुद्रापलीकडून माझी पी.टी. मला परत पाठवली होती, आणि ती घ्यायला मी दोन बसगाड्या बदलून आलो होतो.

"आणि," तो म्हणाला, "काही महिने मांडी घालून बसू नका."

मी उठलो. मी त्याला सांगितलं की मी मांडी घालायलाच आलो आहे, मला दुसरं काही नको आहे, मुलीचं कन्यादान आहे. त्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "बसावंच लागलं तर पाठ कशाला तरी टेकवा. वजन मागे गेलं की वाटीवर ताण कमी येईल. पण मधूनमधून पाय मोकळा करत चला." कन्यादानात पाय मोकळा करायचा. एकदा मोकळा केला होता, इवायाच्या छातीसमोर.

तरी खरं सांगतो, त्या ओसरीवरून उतरताना गुडघा हलका वाटला. मग बसमध्ये मला शेवटचं बाक मिळालं. तुमसर यायच्या आत रस्त्याने अमेरिकेची सगळी विद्या माझ्या पाठीतून काढून घेतली.

सोमवारी आमचे हेडमास्तर कृष्णराव यांनी माझा रजेचा अर्ज परत केला. त्यावर लाल शाईने शेरा होता: "तक्रार गुडघ्याची, उपचार कमरेवर. दोहोंतील संबंधाचा खुलासा करावा." मी खुलासा लिहिला. स्नायू, खाच, कलणारा तळवा, सगळं लिहिलं. तो परत आला: "सदर खुलासा शारीरिक शिक्षकाने स्वतः केला असल्याने ग्राह्य नाही." मी कृष्णरावांच्या खोलीत जाऊन विचारलं की मग कोणी करायचा. ते म्हणाले, "डॉक्टरनं." मी म्हणालो, डॉक्टरनेच सांगितलं आहे. "पण ते डॉक्टर मान्यताप्राप्त यादीत नाईत ना जी," ते म्हणाले, आणि मला बसायला सांगितलं. मी बसलो नाही. मुद्दामच नाही बसलो, आणि बसच्या त्या शेवटच्या बाकानंतर बसता येतही नव्हतं.

ही सगळी हकीगत टिकारामजींनी पत्रांबरोबर घरोघर वाटली. ती आईपर्यंत पोचली. माझी आई सुंदरबाई सेवकरामच्या घरून काठी टेकत आमच्या अंगणात आली आणि उभ्यानेच विचारलं, "त्या डाक्टरनं काय सांगतलं तुले?"

"मूळ कमरेत आहे म्हनते."

"मंग? घरात पायाळू असून तू चिखल्याले कायले मरत गेला होता?"

इथे सांगायला हवं. आमचा सेवकराम पायाळू आहे. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायाकडून आला. सरळ काही करायचं नाही हे त्याने तेव्हाच ठरवलं होतं. अशा माणसाने पाठीत लाथ मारली की धरलेली कंबर सुटते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. धान रोवणीच्या दिवसांत त्याच्या दारात बायामाणसं कंबर धरून उभी असतात. लहानपणी विजा कडाडल्या की आई त्याला घरात कोंडून ठेवायची, पायाळूवर वीज पडते म्हणून. आणि बाहेरचं बैल बांधायचं काम मला सांगायची. हेही मी विसरलेलो नाही. तर आजवर प्रश्न गुडघ्याचा होता, म्हणून सेवकरामचं नाव निघालं नव्हतं. अमेरिकेने तो कमरेवर नेऊन ठेवला आणि माझी मान आपोआप त्याच्या पायाखाली आली.

मी दोन दिवस नाही म्हणालो. तिसऱ्या दिवशी निर्मलाने, कपडे वाळत घालता घालता, माझ्याकडे न बघता विचारलं, "बाबा, तुमीच बसान ना मांडवात?"

मी आईला निरोप दिला, की मारू दे त्याला लाथ.

आणि तो नाही म्हणाला. ज्या माणसाने पाच वर्षं माझ्या नावाने तंबाखू थुंकली, ज्याला आयती संधी चालून आली होती, तो म्हणाला, "मोठ्या भावाले लात मारू? नरकात जाऊ का मी? धुऱ्याचं अलग आहे. पन पाय नाई लावनार." माझ्या आयुष्यात मला इतका संताप आला नव्हता. धुरा कोरताना मोठा भाऊ आठवला नाही. लाथ मारायची वेळ आली तेव्हा संस्कार आठवले. मी मनकर्णाबाईंकरवी निरोप पाठवला, की मोठा भाऊ म्हणून हुकूम करतो, मला लाथ मार. त्याचा उलटा निरोप आला, की असला हुकूम करणारा मोठा भाऊ त्याने पाहिला नाही.

तोड आईने काढली. लाथेआधी त्याने माझ्या पाया पडायचं, मी आशीर्वाद द्यायचा. मग लाथ. मग पुन्हा पाया पडायचं, पुन्हा आशीर्वाद. अशा तीन लाथा, म्हणजे पाप चढायच्या आत उतरत जाईल. राहिला प्रश्न जागेचा. मी त्याच्या अंगणात पाऊल ठेवणार नव्हतो, तो माझ्या. आई म्हणाली, "मंग धुऱ्यावर या मेले हो. दोघायचाही आहे थो."

चैत्र संपत आला होता. सकाळी, उपाशी पोटी, मी धुऱ्यावर जाऊन पूर्वेकडे तोंड करून उभा राहिलो. दोन्ही बाजूंना धान कापून पडलेली शेतं, वाळलेली ढेकळं. आणि निम्मं गाव. टिकारामजींनी त्या दिवशी पोस्ट उशिरा उघडलं. कृष्णराव फिरायला म्हणून आले होते. ते एरवी कधी फिरत नाहीत.

सेवकराम आला, वाकला, पाया पडला. पाच वर्षांत पहिल्यांदा मी त्याचं टक्कल जवळून पाहिलं. एवढं झालं होतं हे मला माहीत नव्हतं. "सुखी राह," मी म्हणालो. चुलीतून निखारा काढल्यासारखे शब्द काढले.

पहिली लाथ म्हणजे नुसता स्पर्श. पाया पडला. "सुखी राह." दुसरी थोडी जास्त, पण औषधाची. पाया पडला. "सुखी राह," मी म्हणालो, आणि माझी जीभ माझ्या ताब्यात नव्हती म्हणून पुढे म्हणालो, "आन् धुरा कोरनं सोड."

मग तिसरी लाथ आली. ती औषधाची नव्हती. ती धुऱ्याची होती. ती पाच वर्षं मुरलेली होती. मी धुऱ्यावरून जो उडालो तो त्याच्या शेतात जाऊन पडलो, तेही उपडा, गावासमोर, कृष्णरावांसमोर, एक शारीरिक शिक्षक.

मी उठलो तो आंधळ्या रागात उठलो. मारायला काहीतरी हवं होतं. खाली बसलो, दोन्ही हातांनी एक चांगलं मोठं ढेकूळ उचललं, आणि त्याच्याकडे वळलो.

"मास्तर बसले," टिकारामजी ओरडले. "पाहा, पुरे बसले."

लोक टाळ्या वाजवू लागले. माझी कंबर, माझी अब्रू, माझ्या तोंडातली माती, याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सगळे माझ्या गुडघ्याकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा बघत होते, आणि तेही चुकीच्या वेळी. कारण मी बसलो होतो खरा, पण आता उठता येत नव्हतं. वाटीभोवती आग लागली होती. हातात ढेकूळ, समोर धुऱ्यावर भाऊ, आणि मी उकिडवा. फेकायला जोर पायातून येतो, आणि पाय तर जाग्यावर गोठला होता.

सेवकराम धुऱ्यावरून उतरला. जवळ आला, हात पुढे केला. "आधी उठा, भाऊ," तो हळू म्हणाला. "मंग मारा."

मी उठलो. ढेकूळ फेकलं नाही. ते त्याच्या शेतातलं होतं म्हणून तिथेच ठेवलं. उगाच पुढे म्हणायला नको की मी त्याची माती नेली. तिसऱ्या लाथेनंतरचं पाया पडणं गडबडीत राहून गेलं.

लग्नापर्यंत मी दार लावून ते पाचवीचे व्यायाम करत होतो. हे मी कोणाला सांगितलं नाही. गाव पायाळूच्या लाथेचं नाव घेत होतं, टिकारामजी मोहाच्या तेलाचं. मी त्या चिखल्याच्या पोराला श्रेय द्यायला तयार नव्हतो.

लग्नाच्या दिवशी मी पाटावर बसलो. मांडी घातली. धनीरामजी समोरच होते, त्यांची नजर माझ्या उजव्या पायावर, पिसाळलेल्या कुत्र्यावर ठेवावी तशी. जावयाचे पाय धुतले. तोवर ठीक होतं. मग भटजी महाराजांनी वंशावळ काढली, तेव्हा वाटीत पहिली कळ आली. मी दात आवळले. महाराजांना घाई नव्हती. निर्मलाचा हात माझ्या हातात होता, तिला माझ्या बोटांतून सगळं कळत असणार, कारण तिने मुंडावळ्यांतून माझ्याकडे बघितलं आणि माझी बोटं घट्ट धरली. मी मनात म्हणालो, आता पाय सरळ झाला तर मी जगणार नाही.

तेवढ्यात पाठीला काहीतरी लागलं. कमरेच्या वर, मधोमध, घट्ट. मी मान वळवली नाही. पण तो पाय मी ओळखला. तीनदा ओळख झाली होती. सेवकराम माझ्या मागे काकाच्या जागी उभा होता, खांद्यावरचं उपरणं त्याने पुढे खाली सोडलं होतं, आणि त्या आडून तळवा माझ्या पाठीला लावून धरला होता. मी हळूच मागे टेकलो. गुडघ्यावरचा भार गेला. महाराज म्हणत राहिले, मी म्हणत राहिलो. एका पायावर उभ्या माणसाच्या अंगाचा थरकाप माझ्या पाठीतून शेवटपर्यंत येत होता, आणि त्याने पाय काढला नाही. मी निर्मलाचा हात तिच्या नवऱ्याच्या हातात दिला. मीच दिला.

मंडळी म्हणाली, भाऊ मागं उभा होता, चांगलं वाटलं. धनीरामजींनीही मान डोलावली. जेवणाच्या पंगतीत सेवकराम वाढत वाढत माझ्यापाशी आला, लंगडत होता, आणि भात न विचारता जास्त टाकून पुढे गेला. मी तो सगळा भात संपवला.

धुऱ्याचा वाद अजून मिटलेला नाही. परवाच त्याने पुन्हा कोरला आहे, मी मोजायला जाणार आहे. आणि त्या दिवशी, मोठ्या भावाच्या पाठीला संपूर्ण कन्यादानभर पाय लावून तो जो उभा राहिला, त्याबद्दल त्याने माझ्या पाया पडायला हवं होतं. तो पडलेला नाही. मीही त्याला पडू दिलं नसतं. माझा राग अजून गेलेला नाही.